पाच वर्षं, फार तर सहा

बोरिवली,
१२ जानेवारी १९५५

ती. विद्याधरदादास,
उत्तराचा शि. सा. नमस्कार.

पत्र पाहून चकित होशील. जबलपूरला होतो तेव्हा वर्षाकाठी दिवाळीचं एक कार्ड, आणि आता बोरिवलीला येऊन आठ महिने झाले तरी मुलुंडला पाय लागला नाही. नात्यातल्या एका मुंजीत भेटलो तेवढेच. मावशीची पोर लग्न झाल्यावर परकी झाली असं म्हणू नकोस. नकाशात आपण शेजारी आहोत, मध्ये फक्त डोंगर. पण गाडीनं यायचं तर आधी दादरपर्यंत खाली जायचं आणि पूल चढून पुन्हा तेवढंच वर यायचं. त्यापेक्षा पत्र लवकर पोचतं.

कारण वेगळंच आहे. आमच्या शेजारणीकडे तुझं मासिक येतं. 'उद्याचं जग' या सदराखाली तुझं नाव पाहिलं आणि मी ओरडलेच, "अहो, हा माझा मावसभाऊ!" चित्रं दाखवणारा रेडिओ, चंद्राकडे जाणारं विमान, आपोआप स्वयंपाक करणारी पेटी, सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "पेटी स्वयंपाक करणार, मग सोवळं कुणी नेसायचं?"

एक परिच्छेद मात्र मी पुन्हा पुन्हा वाचला. 'शर्टाच्या गुंडीएवढ्या यंत्राने बहिऱ्यांना ऐकू येऊ लागेल. सन १९६० नंतर बहिरेपणा हा शब्द केवळ कोशात उरेल.' हे खरं का रे? इथे ओळखीच्या एक बाई आहेत, त्यांच्या मुलीला ऐकू येत नाही. त्या विचारत होत्या. साल कुणी सांगितलं, शास्त्रज्ञांनी? लहानपणी ताप येऊन कान गेलेले असले तरी ते यंत्र चालेल का? सवडीनं कळव, पण कळव.

विमलावहिनींना नमस्कार.

तुझी,
उत्तरा

---

मुलुंड,
२० जानेवारी १९५५

चि. सौ. उत्तरेस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी कचेरीत तिघांना दाखवलं. आमचे हेडक्लार्क म्हणतात, "सबनीस, तुमच्या लेखनाला मागणी फक्त वाण्याकडून, पुड्या बांधायला." त्यांच्यापुढे तुझं पत्र फडकावताना जो आनंद झाला तो काय सांगू!

आता तुझ्या प्रश्नाकडे. अमेरिकेत शास्त्र इतक्या झपाट्याने धावत आहे की आपल्याला येथे बसून कल्पना येणार नाही. मी तिकडची मासिके नियमाने वाचतो. काल जे अशक्य होते ते आज दुकानात मिळते. तेव्हा त्या बाईंना निःशंक सांग, पाच वर्षं. फार तर सहा. तापाने गेलेले कान, जन्माचे कान, सगळ्यांना ते यंत्र चालेल. माझ्या नावावर सांग.

तुझी नीला काय म्हणते? मुंजीत पाहिली तेव्हा फार आवडली. मांडवात सनई-चौघडा एवढा दणदणत होता, बाकीची पोरं कानांवर हात ठेवून पळत होती, आणि ही एका जागी बसून माणसांची तोंडं निरखत होती. एवढी शांत मुलगी मी पाहिली नाही. विचारी होणार.

विमला म्हणते, "दुसऱ्या कुणासाठी बाई एवढं खोदून विचारत नसते." मी म्हटलं, तू उत्तरेला ओळखत नाहीस, तिला लहानपणापासून जगाची काळजी.

तुझा,
विद्याधर

---

बोरिवली,
१९ जून १९५५

ती. दादास सा. नमस्कार.

जानेवारीत तुझं पत्र आलं आणि मी उत्तरच पाठवलं नाही, रागावू नकोस. ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. आता लपवून ठेवण्यात अर्थ नाही म्हणून लिहिते.

ती ओळखीची बाई मीच. नीलाला ऐकू येत नाही.

चौदा महिन्यांची असताना जबलपूरला ताप आला, अकरा दिवस उतरला नाही. ताप गेला आणि तेव्हा जे दोन-चार शब्द बोलत होती तेही गेले. आम्हाला कळायला वर्ष लागलं. कुणाला सांगितलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हेही लहानपणी उशिरा बोलले होते, आणि मी मान डोलवायची. मुंजीत तू तिला शांत म्हणालास तेव्हा मी वहिनींना लाडू वाढत होते, मुद्दाम मान वर केली नाही.

मार्चमध्ये हे तिला शहरातल्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घेऊन गेले. तिथल्या रुक्मिणीबाई म्हणून शिक्षिका आहेत, त्यांनी तासभर तिला पाहिलं आणि म्हणाल्या, "जूनमध्ये आणा. जागा ठेवते. पाच वर्षांची आहे, आणखी उशीर करू नका." पण तिथे राहायचं असतं दादा. शनिवारी घरी, सोमवारी परत. जिला अंधाराची भीती वाटली तर हाक मारता येत नाही, अशी पाच वर्षांची पोर मी तिथे कशी ठेवू?

मग मला तुझं पत्र आठवलं. पाच वर्षांनी यंत्र येणार. तेव्हा ती दहाची असेल. ऐकू आलं की बोलेलच, सगळी मुलं तशीच बोलायला शिकतात. मग कशाला तोवर तिला घरापासून तोडायचं? यांना तुझं पत्र दाखवलं. हे म्हणाले, "तुझा भाऊ एवढा वाचतो, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल." दहा तारखेला शाळा सुरू झाली. आम्ही गेलो नाही.

त्या दिवसापासून मला शांत झोप लागते. तुझे उपकार कसे फेडू?

उत्तरा

---

मुलुंड,
२४ जून १९५५

चि. उत्तरेस आशीर्वाद.

पत्र पोचलं. मुंजीत मी जे बोललो ते विसर.

एक वाटतं. यंत्र येईल तेव्हा येईल, तोवर शाळेत घातलं तर काय बिघडतं? अजून जून संपला नाही. विचार करावा. नंदकिशोररावांना नमस्कार.

विद्याधर

---

बोरिवली,
१ जुलै १९५५

दादा,

कार्डावर चार ओळी? जानेवारीत तू दोन पानं लिहिली होतीस.

'येईल तेव्हा येईल' म्हणजे काय? पाच वर्षं ना? तू लिहिलंस, माझ्या नावावर सांग. मी स्वतःला सांगितलं. आता तूच म्हणतोस शाळेत घाल. एकच विचारते, सरळ उत्तर दे. ते साल तुला कुणी सांगितलं?

उत्तरा

---

मुलुंड,
१७ जुलै १९५५

प्रिय उत्तरा,

कुणीच नाही.

हे दोन शब्द लिहायला मला पंधरा दिवस लागले. आता बाकीचंही लिहितो, एकाही शब्दाला मुलामा न देता.

मी वाचतो ती अमेरिकन मासिकं म्हणजे फोर्टमध्ये फुटपाथवर रद्दीत मिळतात ती. बहिरेपणावरचा लेख चार वर्षांपूर्वीच्या अंकातला होता. त्यात लिहिलं होतं की यंत्रं लहान होत चालली आहेत आणि पुढेमागे पुष्कळ रुग्णांना त्यांचा उपयोग होईल. 'पुढेमागे' आणि 'पुष्कळ' हे दोन शब्द त्यात होते. आमचे संपादक अण्णा म्हणाले, "सबनीस, पुढेमागे कोण वाचतं? साल द्या. साल दिलं की वाचक अंक जपून ठेवतो." मी जेवता जेवता १९६० घातलं. आकडा गोल होता. 'सगळ्यांना चालेल' हे तर मासिकातही नव्हतं, ते मी फक्त तुला लिहिलं, कारण तू मला शास्त्रातला जाणकार समजलीस आणि ते मला गोड लागलं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात मी रजा काढून एका कानाच्या डॉक्टरांना भेटलो. ते म्हणाले, यंत्र आवाज मोठा करतं, गेलेला कान परत आणत नाही. कानात थोडं काही उरलं असेल तर उपयोग, तोही सवयीनं. तिथून मी शाळेत गेलो. रुक्मिणीबाई भेटल्या. मी कोण हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला बसा म्हटलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही लिहिता ते यंत्र उद्या सकाळी आलं असं धरू. त्या मुलीला आवाज ऐकू येईल. पण शब्द? तुम्हाला आत्ता कुणी चिनी भाषा कानात ओरडून सांगितली तर कळेल? भाषा शिरायचं एक वय असतं, सबनीस. ते निघून चाललंय, आणि तुम्ही तिला वाट बघायला बसवलंत."

नीलाची जागा दुसऱ्या मुलाला गेली. पुढची जूनमध्ये.

मला क्षमा मागायचाही धीर होत नाही.

विद्याधर

---

बोरिवली,
३ ऑगस्ट १९५५

श्री. विद्याधरपंत यांस,
नंदकिशोर याचा सा. न. वि. वि.

आपले १७ जुलैचे पत्र मिळाले. उत्तरेने ते वाचले आहे. ती त्या दिवसापासून फारशी बोलत नाही. कृपया काही दिवस तिला पत्र लिहू नये. आपल्यावर माझा राग नाही, असे लिहिणार होतो; परंतु ते खरे नाही.

कळावे,
नंदकिशोर

---

मुलुंड,
९ ऑक्टोबर १९५५

श्री. नंदकिशोरराव यांस सा. न.

तुम्ही सांगितलंत तसं उत्तरेला लिहिलेलं नाही. हे पत्र तुम्हाला आहे. तिला वाचायला द्यायचं की नाही हे तुम्ही ठरवा.

रुक्मिणीबाई घाटकोपरला राहतात, आमच्याच लाइनीवर. गेले आठ रविवार मी त्यांच्याकडे जातो. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडून विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, मला शिकवा. "तुम्हाला कशाला?" मी म्हटलं, मुलगी बोरिवलीत आहे, तुम्ही घाटकोपरला, तुम्ही शिकवाल ते मला तिकडे पोचवता येईल. शेवटी म्हणाल्या, "जूनपर्यंत घरात बसवून आणखी एक वर्ष घालवू नका, तेवढं त्या आईला कळवा." मग सांगू लागल्या. मी लिहून घेतलं ते असं:

बोलणाऱ्याचं तोंड उजेडात असावं आणि मुलीच्या डोळ्यांच्या पातळीवर. ओरडू नये, ओरडलं की ओठांचा आकार बिघडतो. हातवाऱ्यांना मनाई नाही, पण शब्दही त्याबरोबर हवा. शब्द ज्या वस्तूचा, ती वस्तू त्याच वेळी हातात द्यावी. पाणी देताना 'पाणी', दिवसातून वीसदा, कंटाळा न करता.

तिचा एक हात आपल्या गळ्यावर, दुसरा तिच्या स्वतःच्या गळ्यावर ठेवावा. आवाज हाताला लागतो. तोंडासमोर कागदाची पातळ पट्टी धरावी. 'प' म्हटलं की पट्टी उडते, 'म' म्हटलं की हलत नाही. कारण ओठांवर पापा, बाबा, मामा तिन्ही सारखेच दिसतात. मला हे पंचेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मागच्या पानावर ओठांच्या आकृत्या काढल्या आहेत. बाईंनी त्या पाहून कपाळाला हात लावला.

पहिला शब्द कधी येईल असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "रोज केलं तर सहा महिन्यांत. बहुतेक 'पापा' किंवा 'मामा'. ओठांची अक्षरं दिसतात, ती आधी येतात."

विद्याधर

---

बोरिवली,
१५ जानेवारी १९५६

दादा,

तिळगूळ घे, गोड बोल. मी गेले सहा महिने गोड सोडच, तुझ्याशी काहीच बोलले नाही.

ऑक्टोबरचं तुझं पत्र यांनी माझ्यापुढे ठेवलं आणि हे बाहेर निघून गेले. मी ते चुलीत घालणार होते. पण नीलानं मागचं पान पाहिलं. तुझ्या आकृत्या इतक्या वाईट होत्या की ती खदाखदा हसली. एक ओठ तर वांग्यासारखा होता. ती हसली म्हणून पत्र राहिलं, आणि राहिलं म्हणून मी दुसऱ्या दिवशी वाचलं.

तेव्हापासून रोज सकाळी मागच्या पडवीत आम्ही दोघी आरसा घेऊन बसतो. कागदाची पट्टी उडाली की तिला वाटायचं तोच खेळ. मग ती सगळ्यावर फुंकर मारत सुटली. देवापुढचं निरांजन दोनदा विझवलं. सासूबाई म्हणाल्या, "हे कसलं तुमचं शास्त्र!" तीन महिने झाले, तोंडातून वारा येई, आवाज येई, पण शब्द नाही. एकदा मला फार रडू आलं. ती आली, माझ्या गळ्याला हात लावून उभी राहिली. रडण्यात कुठला शब्द आहे ते बघत होती.

आता कालचं ऐक. मी नेहमीसारखी 'पाणी, पाणी' करत होते. तीनदा म्हटलं, चौथ्यांदा म्हणणार इतक्यात तिनं आरसा ढकलला आणि म्हणाली, "नको."

अगदी स्वच्छ नाही. 'न' चांगला आला, 'को' अर्धा घशातच राहिला. पण स्वयंपाकघरातून सासूबाईंनी विचारलं, "कुणाचं मूल आलंय गं?"

दादा, मी त्यांना हाक मारली. सासूबाई तिळाचा डबा घेऊनच बाहेर आल्या. लाडू पुढे केला. "नको." पेढा पुढे केला. "नको." आमचे चेहरे बघून तिला कळलं की या शब्दानं घर वेडं होतं. शेवटी लाडू हवा होता म्हणून "नको" म्हणत म्हणत तिनं तो घेतला आणि खाल्ला. सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नको म्हणतेस आणि खातेस? माझीच नात."

हा शब्द मी शिकवलाच नव्हता. दुपारी ती आजीच्या मांडीवर बसते, तिचा आवाज जाड म्हणून गळ्यावर हात ठेवून. आणि सासूबाई दिवसभर काय म्हणतात? वाढू का, नको. पंखा घालू का, नको. रुक्मिणीबाईंना सांग, त्यांचंही भाकीत चुकलं.

आता राहिलेलं. तुझ्यावर रागावणं मला फार सोयीचं होतं. खरं सांगायचं तर मला तिला पाठवायचंच नव्हतं. तू पाच म्हणालास म्हणून थांबले. पंधरा म्हणाला असतास तरी मी थांबले असते, आणि तू काही लिहिलंच नसतंस तर कुणा ज्योतिषाचं ऐकलं असतं. ज्याला ऐकायचंय त्याला कुणीही सांगितलेलं खरं वाटतं. तुझी चूक तुझ्यापाशी, पण माझी मी तुझ्या अंगावर टाकली होती, ती परत घेते.

यांना हे पत्र दाखवलं आहे. म्हणाले, "विद्याधरपंतांना एकदा जेवायला बोलाव."

उत्तरा

---

मुलुंड,
२३ जानेवारी १९५६

प्रिय उत्तरा,

तुझं पत्र विमलेनं वाचून दाखवलं, कारण मला मधेच वाचता येईना.

रुक्मिणीबाईंना सांगितलं. आधी विश्वास ठेवेनात. म्हणाल्या, "क दिसत नाही हो, तो घशात असतो, तो सगळ्यांत शेवटी येतो." मग म्हणाल्या, "वीस वर्षं शिकवतेय. आता उद्यापासून मीही तारखा सांगणं बंद करते." आणि मला पहिल्यांदा चहा दिला.

मी अण्णांना दुरुस्ती छापायला लावली. 'बहिरेपणाविषयी दिलेले साल लेखकाने पुराव्याविना दिले होते.' त्यांनी ती शेवटच्या पानावर, केसांच्या तेलाच्या जाहिरातीखाली बारीक टायपात टाकली. सहा वाचकांची पत्रं आली. त्यातल्या तिघांनी विचारलं आहे, मग खरं साल कुठलं?

पुढच्या रविवारी जेवायला येतो. मला फक्त वरणभात चालेल, तुमच्या घरी मी मानाचा पाहुणा नव्हे.

विद्याधर

---

बोरिवली,
१८ जून १९५६

दादा,

काल नीलाला शाळेत सोडून आलो. तिची ट्रंक, दोन परकर, आजीनं शिवलेली उशी. फाटकाशी मी खाली बसले, तोंड उजेडात धरलं आणि म्हटलं, "शनिवार. आई. येणार." तिनं माझ्या गळ्यावर हात ठेवला, खात्री करून घेतली, आणि आत गेली. मागे वळून पाहिलं नाही. मागे वळून कुणी पाहिलं असेल तर ते तिच्या वडिलांनी, चारदा.

घरात आज फार आवाज आहे. भांड्यांचा, दारांचा. आजवर तो कधी जाणवला नव्हता.

उत्तरा

---

बोरिवली,
२२ नोव्हेंबर १९५९

ती. दादास सा. नमस्कार.

तू दिवाळीला येऊन गेलास त्यानंतर एक गोष्ट झाली, ती तुला सविस्तर लिहायचीच होती.

शाळेत कुणा दात्यानं ऐकण्याची आठ यंत्रं दिली. गुंडीएवढी नाहीत हं. काडेपेटीच्या दुप्पट पेटी, छातीवर कापडी पिशवीत अडकवायची, तिथून वायर कानात. डॉक्टरांनी मुलांचे कान तपासले. नीलाच्या डाव्या कानात थोडं उरलं आहे म्हणाले. आम्हाला बोलावलं होतं.

आधी बाईंनी ढोलकं वाजवलं. नीला जागच्या जागी उडाली आणि मग इतकी हसली की तिला आवरेना. कुणीतरी दार लावलं, ती दाराकडे वळली. खाली रस्त्यावर कुत्रा भुंकला, ती खिडकीशी धावली. मग रुक्मिणीबाई म्हणाल्या, "आता तुम्ही." मी तिच्या पाठीमागे उभी राहिले. सात वर्षं मनात धरलं होतं, ऐकू आलं तर पहिल्यांदा काय म्हणायचं. त्यातलं एकही सुचलं नाही. नुसतं म्हटलं, "नीला."

ती वळली. माझ्याकडे पाहत राहिली. म्हणाली, "आई, पुन्हा." मी पुन्हा म्हटलं. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, जशा ती नवं गणित दिसलं की घालते. मग म्हणाली, "शब्द नाही. पण आई आहे."

डॉक्टरांनी सांगितलं तसंच आहे. आवाज येतो, शब्द सुटे होत नाहीत. शब्द ती ओठांवरूनच घेणार. पण फाटकापाशी मालगाडीची शिटी तिला कळते, मागून सायकलची घंटी कळते, आणि मी दुसऱ्या खोलीतून हाक मारली की ती येते. या आठवड्यात मी तिला किती वेळा उगाचच हाक मारली असेल. काल शेवटी वैतागून म्हणाली, "काय आहे?"

दादा, जानेवारीत तुझी पाच वर्षं भरतात. हे म्हणतात, तुमचे विद्याधरपंत बरोबर ठरले म्हणायचं की चूक? मी काल तुझं ते जुनं पत्र ट्रंकेतून काढलं. यंत्र आलं खरं. पण आपण त्याची वाट बघत घरात बसलो असतो, तर आज तिला भुंकणं ऐकू आलं असतं आणि 'कुत्रा' हा शब्द तिच्यापाशी नसता. 'आई' हा शब्दसुद्धा नसता. मी विचार करायला लागले की अंगावर काटा येतो, म्हणून करत नाही.

नीलाला तुला स्वतः लिहायचं आहे. खाली जागा ठेवली आहे. मी काही सुधारलं नाही.

तुझी,
उत्तरा

*मामा, मी नीला. मी यंत्र घातले. रेल्वे ऐकली. ती मोठी आहे. आई ऐकली. आजी जाड ऐकली. बाबा कमी ऐकले, ते हळू बोलतात. तू यंत्रावर लिहितोस असे आई म्हणते. मला सांग. मी मोठी झाल्यावर यंत्र लहान होईल का? मला शब्द ऐकू येतील का? किती वर्षे? बाईंना विचारले. बाई म्हणतात माहीत नाही.*

*एक सांगते. तू रागावू नको. तू घरी येतो आणि गोष्ट सांगतो तेव्हा मी हसते. पण मला कळत नाही. तुझी मिशी ओठावर येते. शब्द झाकतात. सगळे हसतात म्हणून मी हसते.*

---

मुलुंड,
२९ नोव्हेंबर १९५९

चि. नीला,

तुझं पत्र मिळालं. मला मोठमोठ्या लोकांची पत्रं येतात, पण एवढे सरळ प्रश्न कुणी विचारत नाही. म्हणून मीही सरळ उत्तर देतो.

यंत्र लहान होईल असं मला वाटतं, कारण दर वर्षी ती लहान होताना दिसतात. तुला शब्द ऐकू येतील का, मला माहीत नाही. किती वर्षं, तेही माहीत नाही. बाईंनी खरं सांगितलं. मागे एकदा मला माहीत नसताना मी माहीत आहे असं लिहिलं होतं, तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. त्यात तुझं एक वर्ष गेलं. ते मला परत देता येत नाही. तू मोठी झालीस की यावर माझ्याशी भांड, मी ऐकून घेईन.

आता दुसरी गोष्ट. तू चार वर्षं माझ्या गोष्टींना हसलीस, मला वाटायचं मी फार छान सांगतो. विमलामामी हे ऐकून आधी हसली, मग तिनं माझ्यापुढे आरसा, वाटीत गरम पाणी आणि वस्तरा आणून ठेवला.

मिशी गेली. लग्नाच्या आधीपासून होती. कचेरीत हेडक्लार्कनी मला ओळखलं नाही, "कोण पाहिजे?" म्हणून विचारलं. वरचा ओठ थंडीत गार पडतो. विमलामामी म्हणते, चेहरा सोललेल्या बटाट्यासारखा दिसतो. तूही म्हण.

येत्या रविवारी येतो. सगळ्या गोष्टी पहिल्यापासून सांगायच्या आहेत, कुठलीही वगळणार नाही. मी उजेडाकडे तोंड करून बसेन. जी गोष्ट हसण्यासारखी नसेल, तिला तू हसू नकोस.

तुझा,
मामा